माशी मागचे दिवस मोजते, डास पुढचे

बांगडे साफ करून झाले की डोकी, कल्ले आणि आतडी पिशवीत घट्ट बांधून मागच्या दाराशी ठेवायची, ही आमच्या घरची रीत. गेल्या पावसाळ्यात एकदा गाठ सैल राहिली आणि नेमका घंटागाडीचा दोन दिवस खाडा पडला. पिशवी ठेवली तेव्हा अंधार पडला होता. रात्रभर तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. सकाळी उजाडल्यावर चकचकीत हिरव्या पाठीची एक माशी आली, मग आणखी चार आल्या. दुपारी पाहिलं तर कल्ल्यांच्या फटीत तांदळाच्या बारीक कणीसारखे पांढरे पुंजके चिकटलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुंजके वळवळत होते.

किळस आलीच. पण एवढ्या पाहण्यात न्यायसहायक कीटकशास्त्राचा, म्हणजे गुन्ह्याच्या तपासात किड्यांची साक्ष वाचणाऱ्या शास्त्राचा, निम्मा पाया येऊन गेला. ही माशी दिवसाउजेडी येते, अंधारात सहसा अंडी घालत नाही. ओलसर आणि आडोशाची जागा निवडते. आणि अंड्यातून अळी बाहेर पडायला ठरावीक वेळ लागतो.

आपण म्हणतो, ‘किडे पडले’. जणू ते आपोआप, आतूनच उपजतात. जगभर कितीतरी शतकं लोकांची हीच समजूत होती. १६६८ साली इटलीत फ्रान्चेस्को रेडी यांनी काही बरण्यांत मांस ठेवलं. काही बरण्या उघड्या ठेवल्या, काहींवर तलम कापड बांधलं. उघड्या बरण्यांत अळ्या झाल्या, झाकलेल्यांतल्या मांसावर झाल्या नाहीत. म्हणजे किडे पडत नाहीत. माशी येते, अंडी घालते आणि तिथून तिचं घड्याळ सुरू होतं. खुनाच्या तपासात याच घड्याळाचा उपयोग होतो. मलेरिया किंवा डेंग्यूची साथ अडवतानाही, थोड्या वेगळ्या रीतीने, याचाच उपयोग होतो. माझ्या मते ही दोन शास्त्रं वेगवेगळी शिकवली जातात तिथेच चूक होते. दोन्हींतला हिशेब एकच आहे: कीटक कोणता, तो कोणत्या अवस्थेत आहे आणि त्याला किती ऊब मिळाली.

ऊब का महत्त्वाची, हे कळायला विरजण आठवा. मे महिन्यात रात्री लावलेलं दही पहाटेच आंबट होतं, डिसेंबरात तेच दुपारपर्यंत लागत नाही. दूध तेच, विरजण तेवढंच, बदलते ती हवा. कीटकांचंही असंच. त्यांना आपल्यासारखं स्वतःचं तापमान राखता येत नाही, त्यामुळे हवा तापली की वाढ भराभर होते आणि थंडावली की रेंगाळते. एका मर्यादेखाली तर ती थांबतेच. हिशेबाला ‘अंश-दिवस’ नावाचं माप वापरतात. समजा एखाद्या जातीची वाढ १० अंशांखाली थांबते आणि अमुक टप्पा गाठायला तिला १०० अंश-दिवस लागतात. सरासरी तापमान ३० असेल तर रोज २० अंश-दिवस जमा होतात, पाच दिवसांत काम होतं. तापमान २० असेल तर रोज १०च जमा होतात, म्हणून दहा दिवस लागतात. हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. खरे आकडे जातीगणिक बदलतात आणि प्रयोगशाळेत अळ्या वाढवूनच ते काढावे लागतात.

हा हिशेब प्रत्यक्षात कसा लागतो ते एका गाजलेल्या खटल्यात दिसतं, आणि त्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो.

२९ सप्टेंबर १९३५. स्कॉटलंडमधल्या मॉफॅट गावाजवळ एका पुलावरून जाणाऱ्या बाईला खालच्या घळीत, ओढ्याच्या काठी, गाठोडी दिसली. त्यांत मानवी शरीराचे तुकडे होते. ओळख पटू नये म्हणून चेहरे आणि बोटांची टोकं कापलेली. सत्तरच्या आसपास तुकडे जुळवल्यावर देह दोन आहेत, दोन्ही बायकांचे आहेत, एवढं ठरलं. पण त्या कोण, आणि कधी मारल्या गेल्या? पाऊस पडून गेलेला, हवा थंड. शरीर किती कुजलंय यावरून दिवस सांगणं कठीण होतं.

गाठोड्यांतल्या मांसावर अळ्या होत्या. ग्लासगो विद्यापीठातल्या डॉ. अलेक्झांडर मर्न्स यांनी त्या तपासल्या. त्या निळ्या माशीच्या एका जातीच्या निघाल्या आणि वाढीच्या तिसऱ्या टप्प्यात होत्या. तिथल्या थंडीत एवढं वाढायला १२ ते १४ दिवस लागले असणार, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मागे जावं लागत होतं. दुसरा पुरावा गाठोड्याच्या कागदाचा. तो १५ सप्टेंबरच्या एका रविवारच्या वर्तमानपत्राचा होता, आणि ती खास आवृत्ती फक्त लँकेस्टर आणि मोरकम भागात विकली गेली होती. कागदाने जागा सांगितली, अळ्यांनी तारीख. लँकेस्टरमध्ये त्याच सुमारास एका डॉक्टरची बायको आणि घरकाम करणारी तरुणी अशा दोघी दिसेनाशा झाल्या होत्या.

तो डॉक्टर म्हणजे बक रक्स्टन. जन्माने बख्तियार रुस्तमजी हकीम, मुंबईत १८९९ साली जन्मलेला आणि मुंबई विद्यापीठातून डॉक्टर झालेला. गरिबांचा डॉक्टर म्हणून लँकेस्टरमध्ये त्याचं नाव होतं. मार्च १९३६ मध्ये मँचेस्टरला खटला चालला आणि १२ मे रोजी त्याला फाशी झाली. फक्त अळ्यांवर ही शिक्षा झाली नाही. कवटीचा आणि जुन्या छायाचित्राचा मेळ घालण्याचं कामही या खटल्यात गाजलं. पण ब्रिटनमध्ये अळ्यांची साक्ष इतकी ठळकपणे पुढे आली ती याच वेळी. त्यांतल्या काही अळ्या लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये अजून जपून ठेवल्या आहेत.

अळी ‘तिसऱ्या टप्प्यात’ आहे हे ओळखायचं कसं? मला या शास्त्रात सगळ्यांत आवडणारी गोष्ट ती हीच. अळी तोंड मांसात खुपसून खाते, म्हणून तिची श्वास घेण्याची मुख्य भोकं मागच्या टोकाला असतात. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे दोन तपकिरी चकत्या दिसतात, दोन डोळ्यांसारख्या. प्रत्येक चकतीत चिरा असतात. एक चीर असेल तर पहिला टप्पा, दोन तर दुसरा, तीन तर तिसरा. प्रत्येक टप्प्यानंतर अळी कात टाकते आणि नव्या कातडीबरोबर एक चीर वाढते. तिसऱ्या टप्प्यात पोट भरलं की ती खाणं सोडून कोरडी जागा शोधत दूर सरपटते, आणि तिथे तपकिरी कोश होतो. म्हणून मृतदेहापासून काही फूट लांबची माती, गादीखालची फट, सतरंजीची घडी हेही तपासावं लागतं. कोश राहून गेले तर सगळ्यांत जुना साक्षीदारच हातचा जातो.

घटनास्थळी करायच्या गोष्टी साध्या आहेत, पण त्या त्याच वेळी व्हाव्या लागतात. सगळ्यांत मोठ्या अळ्या शोधून घ्यायच्या. थोड्या गरम पाण्यात मारून मग अल्कोहोलमध्ये ठेवायच्या. थेट अल्कोहोलमध्ये टाकल्या तर आक्रसतात, काळ्या पडतात आणि लांबी चुकीची मिळते. थोड्या जिवंत ठेवून माशी होईपर्यंत वाढवायच्या, कारण अळी पाहून जात ओळखणं अवघड असतं, माशी पाहून सोपं. मृतदेहाचं, अळ्यांच्या घोळक्याचं आणि भोवतालच्या हवेचं तापमान लिहून ठेवायचं. घोळक्याचं वेगळं का, तर शेकडो अळ्या एकत्र खातात तेव्हा त्यांच्या हालचालीनेच ऊब तयार होते आणि ती जागा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अंशांनी जास्त तापते. मागच्या दिवसांचं तापमान जवळच्या वेधशाळेच्या नोंदींतून मिळतं. शवचिकित्सेआधी घाण म्हणून अळ्या धुऊन टाकल्या, तर यातलं काहीच उरत नाही. एका नळाच्या धारेत तारीख वाहून जाते.

आपल्याकडे मृतदेहावर पहिल्यांदा येणाऱ्यांत मोठ्या लाल डोळ्यांची हिरवट-निळी माशी फार आढळते. कीटकशास्त्रात तिला क्रायसोमाया मेगासेफाला म्हणतात. तिची एक बहीण आहे, क्रायसोमाया रूफिफेसिस. तिच्या अळीच्या अंगावर काट्यांसारखे उंचवटे असतात आणि ती इतर जातींच्या अळ्यांना खाते. म्हणजे तपासणाऱ्याला हातात आलेल्या अळ्यांखेरीज, आधी तिथे कुणाच्या अळ्या होत्या आणि त्या फस्त झाल्या का, याचाही विचार करावा लागतो.

मर्यादा इथेच सांगतो. अळीच्या वयावरून मृत्यूची वेळ थेट कळत नाही. कळतं ते एवढंच, की माशीने अंडी कधी घातली. मृतदेह बंद खोलीत असेल, प्लास्टिकात गुंडाळलेला असेल, रात्र असेल, धो धो पाऊस असेल, तर माशी उशिरा पोहोचते. म्हणून जाणकार ‘किमान इतके दिवस’ अशा भाषेत बोलतो. मृत्यूपूर्वी त्या माणसाने कोकेनसारखं काही घेतलं असेल, तर ते खाऊन अळ्या जास्त वेगाने वाढतात आणि हिशेब चुकू शकतो. दुसरीकडे, देह इतका कुजलेला असेल की रक्त-मूत्र काही मिळत नाही, तर तेच द्रव्य अळ्यांच्या शरीरात शोधता येतं.

डासही कधी साक्षीला येतो. २००८ साली फिनलंडमध्ये चोरीची एक गाडी सापडली. आत रक्त पिऊन फुगलेला एक डास पोलिसांच्या नजरेला पडला. त्या रक्ताचा डीएनए पोलिसांच्या नोंदीतल्या एका माणसाशी जुळला. पण डासाची खरी गरज पडते ती मागचं शोधायला नव्हे, पुढचं ओळखायला.

मलेरियाच्या रुग्णाला चावलेली अ‍ॅनोफिलिस मादी लगेच दुसऱ्याला मलेरिया देऊ शकत नाही. परजीवी आधी तिच्या जठराच्या भिंतीत वाढतो, मग लाळग्रंथींत पोहोचतो, आणि या वाढीलाही ऊब लागते. जीवघेण्या फॅल्सिपॅरम मलेरियासाठी एक जुनं सूत्र आहे: तापमानातून १६ वजा करायचे आणि उरलेल्या आकड्याने १११ ला भागायचं. २७ अंशांना उत्तर येतं सुमारे १० दिवस. २० अंशांना २८ दिवस. माशीच्या अळीचे अंश-दिवस आणि हे सूत्र, दोन्हींची बांधणी एकच आहे.

आता डासाचं आयुष्य या गणितात घाला. समजा १०० माद्या रुग्णाला चावल्या आणि रोज त्यांच्यातल्या दहा टक्के मरतात. दहा दिवसांनी ३५ उरतात, आणि धोकादायक त्या ३५च. फवारलेल्या भिंती आणि औषधी मच्छरदाण्या यांमुळे रोज दहाऐवजी वीस टक्के मरू लागल्या, तर दहा दिवसांनी ११च उरतात. आणि हवा २० अंशांची असेल, तर रोजची मर दहाच टक्के धरूनही २८ दिवसांनी पाचच उरतात. घरातले सगळे डास मारता आले नाहीत तरी मलेरिया आटोक्यात का येतो, याचं उत्तर या वजाबाकीत आहे. डास म्हातारा होऊ द्यायचा नाही, बस.

हे घड्याळ पहिल्यांदा दिसलं ते सिकंदराबादला. रोनाल्ड रॉस अळ्यांपासून वाढवलेले डास हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला चावू देत आणि दर डासामागे त्याला एक आणा देत. २० ऑगस्ट १८९७ रोजी, चावून चार दिवस झालेल्या एका डासाच्या जठरावर त्यांना काळसर कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी आणखी एक डास फाडला. त्यात त्याच पेशी अधिक मोठ्या होत्या. एका दिवसाच्या अंतराने झालेली ती वाढ पाहूनच हे जिवंत काहीतरी आहे अशी खात्री पटली. रॉस यांना १९०२ साली नोबेल मिळालं आणि २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन ठरला.

१८९७ हे वर्ष आपल्याला वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळच्या गोव्याच्या डॉ. आकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मार्च १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. घरोघरी झडत्या, सामान जाळणं, माणसांना ओढून नेणं, या सगळ्याच्या संतापातून २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. हे सगळं घडत असताना प्लेग माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कुणालाच माहीत नव्हतं. जंतू घरात, जमिनीत, कपड्यांत असतात असं समजून घरं उघडी पाडली जात होती. एका पिसवेची माहिती नसल्याने लोकांनी केवढं सोसलं, हे वाचताना मन विषण्ण होतं.

पॉल-लुई सिमॉन हा फ्रेंच डॉक्टर त्याच काळात मुंबईत आला होता. त्याला एक गोष्ट खटकली. नुकताच मेलेला उंदीर उचलणारे आजारी पडत, पण बराच वेळ आधी मेलेला उंदीर उचलणाऱ्यांना काही होत नसे. जंतू तर दोन्हींत होते. मग फरक कशात? उंदीर गार पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा त्याला सोडून जातात. जून १८९८ मध्ये कराचीत त्याने काचेच्या मोठ्या बरणीत प्लेगचा उंदीर ठेवला, पिसवा सोडल्या आणि वर जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श नाही, पण पिसवांना जाळीतून जाता येत होतं. काही दिवसांनी वरचा उंदीरही प्लेगने मेला.

सिमॉनवर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. शिक्कामोर्तब झालं ते मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत, जिला आज आपण हाफकिन संस्था म्हणतो. १९०५ नंतर प्लेग आयोगाने प्लेग झालेल्या घरांत पिंजऱ्यांतून गिनीपिग ठेवले. काही जमिनीपासून दोन इंचांवर, काही दोन फुटांवर. दोन इंचांवरचे मेले, दोन फुटांवरचे वाचले. काही पिंजऱ्यांभोवती चिकट कागदाचा पट्टा लावला, पिसवेला ओलांडता येणार नाही इतका रुंद. ते गिनीपिगही वाचले. हवेतून, जमिनीतून, नजरेतून, सगळे तर्क त्या कागदाच्या पट्ट्यापाशी संपले. पुढे १९१४ साली आतली यंत्रणाही कळली. जंतू पिसवेच्या अन्नमार्गात गठ्ठा करून बसतात. रक्त आत जात नाही, पिसू भुकेली राहते, पुन्हापुन्हा चावते, आणि दर चाव्याला अडलेलं रक्त जंतूंसकट उलट ओकते.

आज आपल्या दाराशी आहे तो डेंग्यूचा एडीस डास. काळा, पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावणारा, घराच्या आसपासच आयुष्य काढणारा. संध्याकाळी गल्लीतून धुराची गाडी गेली की आपल्याला बरं वाटतं, पण धुराने मरतात ते त्या वेळी उडणारे डास. पिंपातल्या अळ्यांना त्याने काही होत नाही. आशाताई बॅटरी घेऊन येतात, पिंपात, फ्रीजमागच्या ट्रेमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत डोकावतात. ते पाच मिनिटांचं काम धुराच्या गाडीपेक्षा मोलाचं आहे, असं मला मनापासून वाटतं. त्यांना दारातून परत पाठवू नका. त्या काय बघतात तेही समजून घ्या. पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीकडची नळी टेकवून डोकं खाली करून तिरपी लटकलेली अळी एडीसची असू शकते. पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली अळी मलेरियाच्या डासाची.

इंडोनेशियात योग्यकार्ता शहरात डासांच्या अंगी वोल्बाकिया नावाचा जिवाणू घालून ते सोडले गेले. त्याने विषाणूची वाढ डासातच दबते. तिथल्या चाचणीत डेंग्यू ७७ टक्क्यांनी घटला, असं २०२१ साली प्रसिद्ध झालं. आपल्या गल्लीत ते येईपर्यंत हातात आहे तो कोरडा दिवस, म्हणजे साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करण्याचा दिवस.

कोरडा दिवस आठवड्यातून एकदाच का, याचं उत्तर पुन्हा तेच घड्याळ. आपल्या हवेत एडीसच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. सातव्या दिवशी पाणी ओतलं की अळी डास होण्याआधीच कोरड्यावर पडते. पण नुसतं ओतून भागत नाही. मादी अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ती काळी, खसखशीहून बारीक अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून पिंप आतून काथ्याने घासायचं, रेषेच्या वर चार बोटं जास्त.

आमच्या पिंपावर मी खडूने तारीख लिहून ठेवतो. आत्ता तिथे रविवारची आहे. पिंप भरायच्या आधी ती पुसायची आणि सातव्या दिवसाची लिहायची.